साहेबांविरुद्धचा पुरावा

बाबांना पहिली गोचीड सापडली ती स्वतःच्या खुर्चीच्या हातावर. त्यांनी ती फेकली नाही. चिमट्यानं धरली, वहीच्या पानावर ठेवली, वरून चिकटपट्टी लावली आणि शेजारी लिहिलं, ‘सोमवार. खुर्ची.’

कारखान्यात जन्मभर मालाची तपासणी केलेला माणूस. पुराव्याशिवाय बाबा कुणाला नावं ठेवत नसत.

संशयित एकच. धाकट्या मुलीनं वर्षापूर्वी आणलेला कुत्रा, साहेब. त्या नावावरूनच बाबांचं डोकं फिरायचं. "इतकी वर्षं राबलो, मला कुणी साहेब म्हटलं नाही. आणि हा नुसती शेपटी हलवतो!"

बुधवारी मोज्यात सापडली. शुक्रवारी टोपीत. रविवारी बाबांनी सगळ्यांना समोर बसवून निकाल दिला. "अजून एक सापडली की हा मामाच्या शेतावर. कायमचा."

धाकटी कामाला लागली. तिनं साहेबाला औषधाच्या पाण्यानं आंघोळ घातली. केस इतके बारीक कापले, की तो लाजून पलंगाखालून बाहेरच येईना. आईनं त्याचं अंथरूण आधी बाहेरच्या खोलीत हलवलं, मग गॅलरीत, मग जिन्यात. त्यापुढे घरच संपत होतं.

मंगळवारी बाबांच्या पँटच्या खालच्या दुमडीत गोचीड निघाली.

"झालं," बाबा म्हणाले. त्यांनाही आनंद झाला नव्हता, हे सांगायला हवं.

"बाबा, पाठवायच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवू. एकदाच," धाकटी म्हणाली.

"दाखव. वही मी आणतो. नंतर अन्याय झाला म्हणायचं नाही."

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी साहेबाचे कान उलटून पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, शेपटीखाली पाहिलं. साहेबानं सगळं मान खाली घालून सोसलं.

"याच्या अंगावर काहीच नाही हो."

"मग या काय आभाळातून पडल्या?" बाबांनी वही पुढे केली.

बाई मोठ्यानं वाचत गेल्या. "खुर्ची. मोजा. टोपी. पँट." मग त्यांनी चष्मा वर सरकवला. "काका, कुत्र्याच्या अंथरुणात किती सापडल्या?"

"तिथं... नाही सापडली."

"मुलीच्या कपड्यांवर?"

"नाही."

"सगळ्या तुमच्याच वस्तूंवर. वही फार छान ठेवलीय तुम्ही. सकाळी फिरायला जात असाल ना, तेव्हा कुठल्या कुत्र्याजवळ बसता?"

बाबा छताचा पंखा बघू लागले. पंखा बंद होता.

"अहो?" बरोबर आलेली आई म्हणाली.

"बागेत एक लंगडी आहे," बाबा हळूच म्हणाले. "तिचा पाय कानापर्यंत पोचत नाही. मग मी खाजवतो जरा."

"आणि टोपीत कशी आली?" आईनं विचारलं.

"टोपी उशाला घेऊन झोपते ती."

परत आल्यावर आईनं साहेबाचं अंथरूण आत आणलं आणि बाबांची खुर्ची जिन्यात नेऊन ठेवली. वही घेऊन बाबा मागोमाग गेले. नियम त्यांचाच होता. खुर्चीत बसून त्यांनी वहीत शेवटची ओळ लिहिली, ‘मंगळवार. संशयित निर्दोष.’

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाची उरलेली बाटली आणि एक जुना टॉवेल घेऊन ते बागेत गेले. परतले ते कोपरापर्यंत भिजून. दार उघडंच होतं. उंबऱ्याच्या आत, कान टवकारून, साहेब बसला होता. त्यानं बाबांची पँट खालपासून वरपर्यंत हुंगली.

बाबांनी टोपी काढून हातात घेतली.

"येऊ का आत, साहेब?"