मधूकाकांचं झटका कुंपण

आता आपल्या वाडीत मुंगीसुद्धा विचारल्याशिवाय शिरणार नाही, असं मधूकाका चुरींनी जाहीर केलं, तेव्हा मुंग्या सोडून सगळ्या गावाने ते मनावर घेतलं.

कळंबच्या रस्त्याला लागून त्यांची वाडी. केळी, नारळ, पानवेली आणि मधोमध बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. वालीवच्या ऑस्कर वायरमनने वाडीभोवती झटक्याच्या तारा ओढून दिल्या, तारेला हात लागला की वाजणारा भोंगा बसवला आणि काकांच्या हातात दोन रिमोट ठेवले. रिमोट कसले, किल्लीच्या छल्ल्यात लोंबणारे बोटभर तुकडे. एका बटणाने कुंपण चालू-बंद, दुसऱ्याने फाटक. एक काकांनी स्कूटरच्या किल्लीला लावला, दुसरा घराच्या किल्ल्यांना.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून काकांचं कुणी ऐकत नव्हतं. हे यंत्र ऐकत होतं. त्यामुळे भेटेल त्याला प्रात्यक्षिक सुरू झालं. एका मयताला गेले तिथेही त्यांनी हळूच खिशातून काढून दाखवला. "झटका बसतो, माणूस मरत नाही," असं सांगताना वाक्याच्या उत्तरार्धाचं त्यांना जरा वाईट वाटतंय, असं ऐकणाऱ्याला वाटे. महिन्याभरात नारळ पाडणारा यायचा बंद झाला, देवळातला पुजारी फुलं मागेनासा झाला. काका म्हणाले, "बघा, किती शिस्त आली."

खरं दुखणं वाडीच्या मागच्या अंगाला होतं. तिथे खाडीच्या बाजूला बळीराम आणि त्याची बायको सत्यवती राहतात. भातशेती आणि दोन म्हशी. रस्त्यावर यायची त्यांची वाट पिढ्यान् पिढ्या चुरींच्या केळींतून. जाता-येता सत्यवती सणासुदीला चार केळीची पानं कापून न्यायची आणि म्हैस व्यायली की खरवस आणून द्यायची. खरवस काका खात आणि पानं काकांच्या डोळ्यांत खुपत.

"बांधावरून गोल रस्ता आहे की," असं सांगून त्यांनी ती वाट बंद केली. रस्ता होता, चिखलाचा.

अशात इशिताचं लग्न ठरायची वेळ आली. काकांची ही एकुलती एक मुलगी. नीलेश तिने स्वतः निवडलेला, चांगला मुलगा. पण त्याच्या घरात आईवडिलांच्याही वर मेघनाआत्यांचा शब्द. नीलेशच्या थोरल्या भावाचं जमत आलेलं लग्न या आत्यांनी, "त्या घरात पाय टाकल्यावर बरं वाटलं नाही," एवढ्याच कारणावरून मोडलं होतं. आता त्या इशिताच्या घरात पाय टाकणार होत्या. त्यांना बरं वाटलं तर तिथेच सुपारी फोडायची होती.

आदल्या दिवशी इशिता म्हणाली, "बाबा, उद्या एकच करा. तो रिमोट दाखवू नका."

"छे गं," काका म्हणाले आणि सकाळी तो सदऱ्याच्या खिशात टाकला.

ठरल्याप्रमाणे सगळे गावदेवीच्या देवळात भेटले. नारळ वाढवून घराकडे निघताना आत्यांनी सहज विचारलं, "शेजारपाजार कसा आहे?"

काकांची कळी खुलली. "पुढचा चांगला आहे. मागचे लोक जरा तसलेच. वाडीत घुसायचे. आता घुसून दाखवा म्हणावं. कुंपणच घातलंय."

इशिताने आईकडे बघितलं. रुक्मिणीकाकूंनी रस्त्याकडे बघितलं.

फाटकापाशी काकांनी पाहुण्यांना ओळीत उभं केलं, हात लांब केला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग टीव्हीच्या रिमोटवर करतात ते सगळे उपचार केले. तळहातावर आपटला, लेंग्यावर घासला, फुंकर मारली. महिनाभर गावाला दाखवून दाखवून बॅटरी संपली होती. सकाळी निघताना कुंपण चालू करण्यापुरता तिच्यात जीव उरला होता, तेवढं काम करून तिने प्राण सोडला.

"काही हरकत नाही, दुसरा आहे. अगं, घराच्या किल्ल्या दे."

"त्या सत्यवतीकडे आहेत," काकू म्हणाल्या.

"कुठल्या सत्यवतीकडे?"

"आपल्याकडे सत्यवत्या किती आहेत? लग्न होऊन आल्यापासून बाहेर जाताना तिच्याकडेच ठेवते."

"अगं, कुंपण कुणासाठी घातलंय?" काका दबक्या आवाजात म्हणाले.

"ते तुम्ही घातलंय. किल्ल्या मी ठेवते."

ऊन चढलं होतं. आत्यांनी पदर डोक्यावर घेतला. नीलेशच्या वडिलांनी घाम पुसला.

"थांबा, तिला फोन करते," काकू म्हणाल्या.

"मुळीच नको. पाहुण्यांसमोर तिने आपलं घर उघडायचं? मी घेऊन येतो." एवढं बोलून काका बांधाच्या रस्त्याला लागले.

हा रस्ता त्यांनी लोकांना पुष्कळ दाखवला होता, चालले कधी नव्हते. पहिल्या वळणावर चप्पल चिखलात गेली. दुसऱ्या वळणावर ती काढायला वाकले तेव्हा लेंगाही गेला. बळीरामच्या म्हशी, हा कोण आपल्यातला नवीन, अशा नजरेने बघत राहिल्या. मुलीचं लग्न आपल्यामुळे मोडलं तर, हा विचार आता कुठे त्यांच्या मनात आला. ते धापा टाकत बळीरामच्या दारात पोचले. दार सताड उघडं होतं, घरात चिटपाखरू नव्हतं.

परसात जाऊन त्यांनी केळींतून पलीकडे पाहिलं. त्यांच्याच ओटीवर पाहुणे बसले होते. बळीराम नीलेशच्या वडिलांना काहीतरी सांगत होता आणि दोघं हसत होते. सत्यवती चहाचे कप फिरवत होती. तिच्या कमरेला चुरींच्या किल्ल्या होत्या. काकांची पाठ फिरताच काकूंनी फोन केला होता, हे त्यांना नंतर कळलं. "बाबांना परत बोलावू का?" असं काकूंनी विचारल्यावर इशिता, "राहू दे," म्हणाली, हे तर कुणी सांगितलंच नाही.

सत्यवती आत गेली, त्या अर्थी कुंपण बंद असणार. बँकेतल्या माणसाला शोभेल असा हा हिशोब करून काकांनी तार धरली.

हिशोब बरोबर होता. फक्त सत्यवती शिस्तीची होती. आत गेल्यावर तिने कुंपण परत चालू केलं होतं.

काका बळीरामच्या परसातच बसते झाले आणि भोंगा गाव जागं करू लागला. ओटीवर आत्या दचकून उठल्या.

"काय नाय, मांजर असंल," सत्यवती म्हणाली. मग तिने नीट पाहिलं. "अगो बाय, मधूदादा. थांबा हां, बंद करते. या आता. पाय जपून टाका, तिथं पानी सोडलंय."

आपल्याच वाडीत काका असे पाहुण्यासारखे आले. ओटीपाशी त्यांनी सत्यवतीला हळूच विचारलं, "हे चालवायला तुला कुणी शिकवलं?"

"वहिनींनी. पयल्याच दिवशी. तवापासून किल्ल्या बहुतेक आमच्याकडंच. रोज आमी बंद करून येतो, चालू करून जातो. उघडं नाय टाकत कदी. चोर शिरायचे."

म्हणजे महिनाभरात त्या कुंपणाने एकच माणूस पकडला होता, तोही मालक.

"मुहूर्त टळत होता," आत्या म्हणाल्या. "तुम्ही दिसेनात. मग मुलीकडून बळीरामभाऊ बसले. सुपारी फुटली." त्यांनी सत्यवतीकडे बोट केलं. "मागचे लोक म्हणालात ते हेच ना?"

काकांनी खाली चिखलाकडे पाहिलं. इशिता धावत येऊन त्यांच्या पाया पडली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्न ठरलं. काकांना मनापासून आनंद झाला, आणि आपण नसतानाच ते ठरलं याचा तितकाच मनापासून राग आला.

निघताना आत्यांनी मोबाइल काढला. काकांनी विस्कटलेले केस बसवले, घसा साफ केला आणि वधूपित्याच्या आवाजात म्हणाले, "पुढच्या बोलणीसाठी माझा नंबर लिहून घ्या."

"नको, सत्यवतीताईंचा घेतलाय," आत्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेर अडकलात तरी खोळंबा नको."