कपाशी खाल्लेली बकरी

भूपेश अंगणात आला तेव्हा जसोदाबाई बकरीशी बोलत होती. विषय जावयाचा होता. जावई सुरतेला कापड मार्केटात चांगल्या कामावर होता, पण बायकोला माहेरी पाठवायचं म्हटलं की त्याला नेमकी सुट्टी नसायची. बकरी रवंथ करत ऐकत होती. नवरा गेल्यापासून जसोदाबाईचं सगळं बोलणं ऐकून घ्यायला ती एकच उरली होती. मुलगी काजल रविवारी फोन करायची, "जेवलीस का?" विचारायची, तेवढ्यात तिचा लहाना रडायचा आणि फोन ठेवावा लागायचा. बकरीचं तसं नव्हतं. तिला घाई नसायची.

"आजी, ही बकरी तुमची?" भूपेशनं विचारलं.

"मन्हीच शे. चांदी नाव शे तिन्हं. देख ना, कपायवर कशी चांदी शे."

बकरी तपकिरी होती आणि कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका होता. भूपेशनं ठिपका पाहिला आणि तो खाटेवर न विचारता बसला.

नंदुरबारहून शनिमांडळकडे जाताना, जसोदाबाईच्या गावाजवळ, रस्त्याला लागून कपाशीचा एक प्लॉट होता. तारेचं कुंपण, वर लाल अक्षरांतली पाटी. आत नव्या जनुकाची कपाशी लावली होती. ती शेतकऱ्यांच्या हाती देण्याआधी तिच्यामुळे मातीचं काही बिघडतं का, मधमाश्या आणि मावा खाणारे ढालकिडे टिकतात का, तिचा पाला किंवा सरकी खाल्लेल्या जनावराला काही होतं का, हे सगळं तपासायचं होतं. ते काम भूपेशकडे होतं. गडहिंग्लजकडचा मुलगा, शेतकी शिकलेला, नंदुरबारात खोली घेऊन राहणारा. सकाळी वाऱ्यानं कुंपणाची तार सुटली होती आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक बकरी तोंडात पाला धरून बाहेर पडताना त्यानं लांबून पाहिली होती.

"तिनी कपाशी खादी?" जसोदाबाईनं विचारलं. "खास ती. कपाशी निघनी का सगळ्या बकऱ्या खातस."

"ती वेगळी, ही वेगळी. ही अजून कुणी खायची नाही. तपासणी व्हायची आहे."

"मरी जाई का?"

"बहुतेक नाही होणार काही."

"बहुतेक?"

"तेच तर माझं काम आहे, आजी. ते बहुतेक काढून टाकायचं."

मग तो बाजूला जाऊन फोनवर बोलला. परत आला तेव्हा त्यानं सांगितलं, की उद्या डॉक्टर येतील, रक्त घेतील, आणि कदाचित बकरीला काही दिवस धुळ्याला नेऊन ठेवावं लागेल. नुकसानभरपाई मिळेल, असंही तो म्हणाला. जसोदाबाईच्या कानात शिरलं ते धुळे एवढंच.

उन्हं उतरताच तिनं चांदीला सोडलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला इंद्रसिंगकडे गेली. इंद्रसिंग तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त. त्याच्याकडे बकऱ्यांचा कळप होता, आणि त्यात चांदीची सख्खी बहीण होती, रूपी. एकाच वेळी झालेल्या, एकाच रंगाच्या. ठिपकासुद्धा तोच.

"भाऊ, त्या मन्ही चांदीले धुयाले ली जातीन," ती म्हणाली. "रूपीले माले दे. तिनी काई खादं नही, तिले काई निघावनं नही. देखतीन, तपासतीन, परत धाडी देतीन. चांदीले तू ठेव."

इंद्रसिंग एरवी दोरखंड उसना मागितला तरी तासभर विचार करणारा माणूस. त्या दिवशी मात्र तो लगेच उठला, रूपीला सोडून आणलं, वर शेंगदाण्याच्या पाल्याचा भारा दिला.

"ली जा, वहिनी. आनि डॉक्टरले सांग, नीट तपास म्हनावं. काई कसर नको."

देवमाणूस आहे, असं जसोदाबाईला वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी रूपीचं रक्त घेतलं, ताप पाहिला, आणि ओळख पटावी म्हणून तिच्या कानात पिवळा बिल्ला ठोकला. मग हात धुता धुता म्हणाले, "धुळ्याला न्यायची गरज नाही. इथंच राहू दे. भूपेश रोज येऊन बघेल."

जसोदाबाईनं बिल्ला ओढून पाहिला, तो निघत नव्हता. आपली बकरी आपणच घालवली होती, आणि आता बिल्ल्यामुळे परत बदलताही येणार नव्हती.

रूपीला ते अंगण मानवलं नाही. कळपात वाढलेली ती. एकटीला खुंट्याशी बांधल्यावर तिनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. सारखी गल्लीकडे पाहायची आणि ओरडायची. दूध आटलं. भूपेशनं ते सगळं फोनवर कळवलं आणि पलीकडून आवाज चढला. गावात बातमी गेली ती अशी, की नवी कपाशी खाल्लेली बकरी वेडी झाली. शेजारची कमलबाई रोज चहापुरतं दूध न्यायला यायची, घटकाभर बसायची. तिनं यायचं थांबवलं. तिच्यामागून बाकीच्यांनीही.

रूपीला काय झालंय हे जसोदाबाईला पक्कं कळत होतं. घर सुटलेल्या बाईला जे होतं तेच. ती तिच्याजवळ बसू लागली. बाजरीची भाकरी कुस्करून द्यायची, शेवग्याचा पाला ओरबाडून आणायची, जावयाची सगळी हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगायची. हळूहळू रूपी खाऊ लागली.

भूपेश रोज सकाळी यायचा. त्याचे प्रश्न ठरलेले असत.

"रात्री झोप लागली का?"

"लागस, पन मधीच जाग येस. मंग डोया लागत नही."

"भूक?"

"एकटाले काय भूक लागनार? बठनं का चार घास."

"संध्याकाळी कशी असते?"

जसोदाबाईनं थोडा विचार केला. "दिवा लावाना टायमाले जीव घाबरस. वाटस, कोनी तरी येवाले पाहिजे."

भूपेश मान डोलावून वहीत लिहून घ्यायचा. तिची अहिराणी त्याला निम्मी कळायची, त्यामुळे बकरी दिवा कशी लावते हा प्रश्न त्याला पडला नाही. जसोदाबाईला इतक्या आस्थेनं तिच्या झोपेबद्दल कुणी विचारून वर्षं लोटली होती. प्रश्न बकरीसाठी आहेत हे ती मधूनमधून विसरायची.

एकदा न राहवून ती चांदीला भेटायला गेली. चांदी कळपात बसली होती, इंद्रसिंगची नातवंडं तिच्या पाठीवर पडून खेळत होती. जसोदाबाईनं हाक मारली. चांदीनं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. जसोदाबाई परत आली. त्या दिवशी रूपीला तिनं काहीच सांगितलं नाही.

शेवटी भूपेश एका सकाळी उतरल्या चेहऱ्यानं आला.

"आजी, अहवाल द्यायचाय. पाला खाल्ल्यावर बकरीनं चारा सोडला, दूध आटलं, अस्वस्थ झाली. रक्त चांगलं आहे, पण लक्षणं आहेत. साहेब म्हणतात, चाचणी थांबवावी लागेल."

"मंग ती कपाशी वाईट, असं लिखशी?"

"जे दिसलं ते लिहायला हवं."

जसोदाबाईनं पदर तोंडाला लावला. खोटं बोलताना तिला वाटलं होतं, एका बकरीचाच प्रश्न आहे. आता तिच्या अंगणातून सगळ्या मुलखाच्या कपाशीचा निकाल लागत होता.

"भाऊ, ही चांदी नही शे," ती म्हणाली. "ही रूपी. इंदरसिंगनी. हिनी काईच खादं नही. हिले फक्त घरनी आठवन येत व्हती."

भूपेशनं वहीची मागची पानं उलटली. "आणि झोप न लागणं? जीव घाबरणं?"

"ते बी हिन्हं नही."

"मग कुणाचं?"

जसोदाबाईनं खुंट्यावरून रूपीची दोरी सोडली.

दोघं रूपीला घेऊन इंद्रसिंगकडे निघाले. त्यांना लांबून येताना पाहून इंद्रसिंग उभा राहिला आणि कुणी काही बोलायच्या आधीच हात जोडले.

"सायेब, समजी गयं तुम्हले. चूक मन्ही शे. ते दिन रूपीच पहिले घुसनी कुंपनमां. तिन्हा मागे चांदी गई. मी देखं, पन बोलनू नही. म्हटलं, माले पोलीसमां ली जातीन. मंग वहिनी मांगाले उनी, तं म्हटलं, फुकटमां डॉक्टर तरी देखी लेई."

जसोदाबाईच्या मनातला देवमाणूस तिथल्या तिथे गेला.

भूपेशनं वही मिटली. तपासलेल्या बकरीनं पाला खाल्ला होता हे खरं ठरलं, पण ती कपाशीनं सुकली की परक्या घरानं, हे देवालाही सांगता आलं नसतं. दुसरीनंही खाल्ला होता, आणि ती इथं मजेत होती. त्यानं फोन लावला, बराच वेळ फक्त "हो सर" म्हटलं आणि ठेवला.

"दोन्ही बकऱ्या आपापल्या घरी राहतील," तो थकून म्हणाला. "सगळं पहिल्यापासून. रोज बघायचं."

"रोज?" जसोदाबाईनं विचारलं.

"रोज. सकाळी यांच्याकडे येईन. तुमच्याकडे कधी येऊ?"

"दुपारले ये."

"दुपारी काय बघणार, आजी? दुपारी बकऱ्या झोपतात."

जसोदाबाईनं चांदीची दोरी हाताला गुंडाळली. चांदी यायला तयार नव्हती, तिला ओढावं लागत होतं.

"बकऱ्या झोपतस रे भाऊ," ती म्हणाली. "मी नही झोपत."