भट्टीत भाजलेले आजोबा

माझी मुलगी वफा तिच्या तीन वर्षांच्या लेकीला, हिबाला, घेऊन फ्रान्समधल्या ल्योंहून इथे मोरोक्कोत फेझला पाच दिवसांसाठी आली, तेव्हा हिबाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आईच्या झग्यात तोंड खुपसलं. पुढचे दोन दिवस हेच. मी खोलीत आलो की ती खोलीबाहेर. (एकतीस वर्षं जमीन-नोंदणीच्या कचेरीत मी लोकांना असंच टाळलं होतं.)

खरं सांगतो, मला ते फार लागलं. माझी बायको बतूल जाऊन तीन वर्षं झाली. घरात मी आणि रेडिओ. हल्ली मी रेडिओला उत्तरंही देतो. जायच्या आधी त्या पोरीने एकदा तरी माझ्या मांडीवर बसावं, एवढंच माझं मागणं होतं.

"तिथे पाळणाघरात ती दिवसभर रंगीत मातीशी खेळते," वफा म्हणाली. "नेमकी तीच आणायची राहिली."

"त्यात काय! घरी करू." (जन्मात चहाखेरीज काही केलेलं नाही.)

"बाबा, तुम्ही?"

मैदा, त्याच्या निम्मं मीठ, तेल, पाणी. पाणी जास्त झालं म्हणून मैदा, मैदा जास्त झाला म्हणून पाणी, असं करत करत चार किलोंचा गोळा झाला. बीट घालून लाल, हळद घालून पिवळा, पालक वाटून हिरवा. माझी दाढीही तिरंगी झाली, आणि ती पाहून हिबा चक्क हसली! पुढचा तासभर ती माझ्या मांडीवर होती. तिने थापलं, लाटलं, काट्याने टोचलं, बोटांनी ओढून केस काढले. लाल आई केली, हिरवी हिबा केली. मग पिवळ्या गोळ्यावर आणखी एक मोठं पोट चिकटवून म्हणाली, "आजोबा." मी डोळे पुसले. (हातावरच्या मिठामुळे ते आणखीच वाहू लागले.)

दुपारी ती झोपली. मी तिघांना पाटावर मांडलं, वर फडकं टाकलं आणि वाळायला दारात उन्हात ठेवलं.

आमच्या गल्लीत दारात फडक्याखाली पाट दिसला की त्याचा एकच अर्थ: पाव भाजायचे आहेत, गल्लीच्या सामाईक भट्टीकडे जाणाऱ्याने घेऊन जावं. हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. पण तीन वर्षं दुकानातला पाव खाऊन माझी अक्कलही शिळी झाली होती.

अर्ध्या तासाने पाहतो तर पाट गायब. मी अनवाणीच भट्टीकडे धावलो. वाटेत समोरच्या घरातल्या लल्ला झहूर भेटल्या.

"पाट मीच नेला हो! सी अब्देलहक, किती बरं वाटलं! तुमच्या घरी पुन्हा कणीक मळली गेली. कोण आहे ती?"

"कोण कोण?"

"आता लाजताय कशाला? पुरुषमाणसाला एकटं राहवत नाही, आम्हाला कळतं!"

भट्टीवर चार बाया होत्या. चौघींनी एका सुरात "मुबारक!" म्हटलं. भट्टीवाल्या बा जिलालीने मला बाजूला घेतलं.

"नवी नवरी हौशी दिसते. पावांच्या बाहुल्या! कानाचा तुकडा मोडून चाखला मी. पण वहिनींना म्हणावं, मिठाचा हात जरा आवरा."

"अहो, कसली वहिनी! मीच मळलंय ते!"

बा जिलालीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाया हळहळल्या. त्या संध्याकाळी तीन घरांतून माझ्याकडे हरीऱ्याचे वाडगे आले. (ते मी संपवले. कीव असली तरी सूप गरम होतं.)

पाट घेऊन घरी पोचलो तर हिबा रडून लाल झालेली. मी फडकं उचललं. आई मधोमध मोडली होती, हिबा करपली होती. आजोबा मात्र टम्म फुगले होते, दगडासारखे कडक. एक कान तेवढा गेला होता. हिबाने त्यांना उचलून छातीशी धरलं. पाचव्या दिवशी ते तिच्याबरोबर ल्योंला गेले आणि मी विमानतळावरून एकटा घरी आलो.

मागच्या शुक्रवारी वफाचा व्हिडिओ फोन आला.

"बाबा, ती रोज आजोबांना कुशीत घेऊन झोपते."

मी रेडिओ बंद केला. तेवढ्यात हिबाने ती बाहुली पडद्यासमोर धरली. "हे माझे आजोबा," ती मला म्हणाली. मग माझं तोंड नीट न्याहाळून तिने आईला विचारलं, "आणि हे कोण?"

 वफाच्या आधी मीच सांगितलं, "मी त्यांच्या शेजारी राहायचो."