अंडी निवडणारे अप्पा

आमचे घरमालक वैजनाथअप्पा माशांची अंडी निवडतात. डाळ निवडावी तशी. स्टुलावर मांडी घालायची, काचेच्या टाकीला नाक लावायचं, हातात डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर, आणि तोंडात एकच वाक्य, "माल चांगला हाय, निवडला पायजे."

गुलबर्ग्याच्या डाळबाजारात त्यांचा जन्म गेला. पोत्यात हात घालायचा, मूठभर तूर तळव्यावर पसरायची आणि खराब दाणा अचूक उचलायचा. आता निवृत्त झालेत, पण खोड काही गेली नाही. भाजीवाल्याकडं, लग्नाच्या पंगतीत, देवळातल्या प्रसादालासुद्धा आधी "सँपल बघू". मी खोली बघायला आले तेव्हा मलाही त्यांनी उजेडात उभं करून निरखलं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते म्हटल्यावर मात्र खूश झाले आणि खोली राहिली बाजूला, मला थेट टाकीसमोर नेलं.

टाकीत एंजल माशांची जोडी. थोराड तो पाटील, नाजूक ती राणी, हे अप्पांनीच ठरवलेलं. दर पंधरा-वीस दिवसांनी आत ठेवलेल्या दगडी पाटीच्या तुकड्यावर अंडी दिसायची आणि दुसऱ्या दिवशी पांढरी पडायला लागायची. पांढरं अंडं म्हणजे न फळलेलं. त्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि शेजारच्या चांगल्या अंड्यालाही लागते. म्हणून अप्पा एकेक पांढरं अंडं ड्रॉपरनं ओढून काढायचे, पाण्यात निळं औषध टाकायचे. त्या औषधानं त्यांची सगळी धोतरं निळी झाली होती. पिल्लांसाठी वेगळी छोटी टाकी आणून ठेवलेली, ती रोज पुसायचे. पण निवडता निवडता पाटी कोरी व्हायची. पिल्लू एकही नाही.

मग दोष शोधणं सुरू. आधी पाणी वाईट ठरलं, मग व्होल्टेज, मग गल्लीतल्या लग्नाचा बँड. शेवटी पाळी माझ्या मिक्सरवर आली. वरच्या माझ्या खोलीतून घरघर ऐकली की पाटील बिचकतोय म्हणे! तीन दिवस मी विकतच्या शेंगाच्या चटणीवर काढले. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. खाली जाऊन म्हटलं, अप्पा, माझ्या मिक्सरला कशाला नावं ठेवता, तुमची मादीच खराब असेल, दुसरी आणा.

अप्पांनी ड्रॉपर खाली ठेवला. "बाई, आमच्या घरात मादीला बोल लावायचा न्हाई," म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एवढं काय झोंबलं, म्हणून मी त्यांच्या बायकोला, अक्कांना विचारलं. अक्का सहज सांगायला लागल्या, पण सांगता सांगता त्यांचा आवाज खाली गेला. करजगीला, गावाकडं असताना लेकरू होईना म्हणून दोघं डॉक्टरकडं गेले होते. खोट अक्कांत निघाली. अप्पांनी तो कागद रस्त्यातच फाडला, आणि घरी आईला, भावांना, पारावरच्या लोकांना सांगून टाकलं, "दोष माझ्यात हाय."

"गाव ह्यांना हसायचं बाई, आन हेबी हसायचे. मला कुणी एक शब्द बोललं न्हाई."

माझी मलाच लाज वाटली. पुढच्या रविवारी मी टाकीसमोर ठाण मांडलं, म्हटलं, शिकलेलं एकदा तरी कामाला येऊ दे. राणीनं पाटीवर अंडी घातली. तिच्या मागून पाटील आला, आणि त्यानंही घातली.

मी पुन्हा नीट बघितलं. म्हटलं, "अप्पा, तुमचा पाटील बाई आहे. दोन्ही माद्याच आहेत. नर नसल्यावर अंडी फळणार कशी?"

माझं लक्ष पुसून ठेवलेल्या त्या छोट्या टाकीकडं गेलं आणि वाटलं, कशाला बोलले मी.

"म्हंजे राणीत काय खोट न्हाई?" अप्पांनी हळूच विचारलं.

"नाही."

"आन पाटलात?"

"त्यातही नाही. दोघी धडधाकट आहेत."

अप्पांनी आत हाक मारली. अक्का पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांच्याकडं न बघता, टाकीकडंच बघत अप्पा म्हणाले, "ऐकलीस का? दोष कुणाचाच न्हाई."

"व्हय," अक्का म्हणाल्या, आणि तिथंच उंबऱ्यावर बसल्या.