जगावेगळ्यांची फळी

‘जगावेगळा’ या शब्दाचा नेमका अर्थ मी दुपारच्या चहापर्यंत लावून देते, असं मी नव्या ग्रंथपालाला छातीठोकपणे सांगितलं. आयुष्यभर पुस्तकांत नाक खुपसून बसलेल्या बाईला असा आत्मविश्वास असतो.

बाबा गेल्यावर त्यांचं वाचनालय शेजारच्या शाळेने चालवायला घेतलं. आईची अट एकच होती: बाबांनी ‘जगावेगळी’ अशी पट्टी लावलेली फळी मोडायची नाही. ग्रंथपालाची अडचणही रास्त होती. त्या फळीवर विहिरी खोदण्याचं पुस्तक, एक प्रेमकथा, बालगणित आणि कुणा सेनापतीचं जाडजूड चरित्र, रांगेत उभ्या अनोळखी माणसांसारखी एकमेकांकडे न बघता उभी होती.

“ताई, फळी ठेवतो,” तो म्हणाला. “पण नियम सांगा. नाहीतर सोमवारी ही आपापल्या विषयात जातील. मलाही वर उत्तर द्यायचंय.”

आईला विचारायची सोय नव्हती. बाबांचा विषय निघाला की ती भांडी घासायला घ्यायची. घासलेलीसुद्धा.

तेव्हा मी शब्दाकडे वळले. विचित्र म्हटलं की नाक मुरडलेलं असतं, तऱ्हेवाईक म्हटलं की थोडी थट्टा असते, आणि जगावेगळं म्हणताना माणूस क्षणभर थबकतो, असं मी त्याला समजावलं. त्याने ते आदराने ऐकून घेतलं आणि प्रेमकथा उघडून दाखवली. नायक-नायिका तिसऱ्या पानावर भेटत होते, पाचव्यावर रुसत होते. थबकण्यासारखं कुठेच काही नव्हतं.

मग मी वाचकांना विचारलं. इथे गाडं घसरलं.

निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, त्यांच्या रहस्यकथेतला चोर शेवटपर्यंत सापडतच नाही, तेव्हा ती इथेच हवी. त्यांनी ती आणून खोचली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तशा सहा कादंबऱ्या आणल्या. आपलं आवडतं पुस्तक चारचौघांसारखं आहे हे कबूल करायला कुणीच तयार होईना. तासाभरात कपाटं रिकामी आणि फळीवर ढीग! पोस्टमास्तरांनी डॉक्टरीणबाईंच्या कादंबऱ्यांना साधारण म्हटलं, बाईंनी त्यांच्या अभिरुचीला कीड लागल्याचं निदान केलं, आणि त्याच क्षणी फळी निखळून सगळं पोस्टमास्तरांच्या पायावर आलं.

त्यांना लागलं नाही. मला मात्र घाम फुटला. त्या ढिगात बाबांची पुस्तकं कुठली, तेही आता सांगता येत नव्हतं. आईने मागितलेली एकच गोष्ट मी जमीनदोस्त केली होती.

तिला बोलवावंच लागलं. बाबा गेल्यापासून ती तिथे आली नव्हती. दारात थोडं थांबली, मग जमिनीवर बसली आणि ढिगातून एकेक पुस्तक बाजूला काढू लागली, तांदळातले खडे काढावेत तशी. एकदाही हात अडखळला नाही.

“तुला कसं कळतंय?” मी विचारलं.

“ही तू अर्धी टाकलेली आहेत.”

पोस्टमास्तर खोकले. ग्रंथपाल छताकडे बघायला लागला.

“हिने पुस्तक पुरं केलं नाही म्हणजे ते जगावेगळंच असणार, असं म्हणायचे,” आई म्हणाली. “वेगळं ठेवू, म्हणायचे. कधीतरी संपवेल पोरगी.”

कोशातला कुठलाच अर्थ तिथे उपयोगाचा नव्हता.

ग्रंथपालाला नियम पटला. फक्त नव्या पुस्तकांचं काय करायचं, एवढंच त्याने विचारलं. आधी माझ्याकडे पाठवा, मी म्हटलं. त्याने मान डोलावली आणि हातोडी आणायला गेला.

संध्याकाळी बाबांच्या फळीवरचं एक पुस्तक मी घरी नेलं: खाऱ्या जमिनीच्या सुधारणेविषयीचं. निर्धाराने उशीला टेकून बसले, प्रस्तावना ओलांडली. जाग आली तेव्हा सकाळ झाली होती आणि पुस्तक जागेवर नव्हतं. आई ते परत फळीवर ठेवून आली होती.

बाबांचं वर्गीकरण अजून तरी चुकलेलं नाही.