रोपट्याला उजेड कमी पडतोय!

"उजेडाचं मला सांगू नकोस!" दिवेवाले लेकीला म्हणाले.

हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर आपण हसून सोडून दिलं असतं. पण या गृहस्थांनी अडतीस वर्षं नाटकांना दिवे लावले होते. पुठ्ठ्याच्या खिडकीतून खरीखुरी सकाळ आणावी ती त्यांनीच! म्हणून तर सगळी इमारत त्यांना दिवेवाले म्हणायची. आता निवृत्त झाले होते. हात मात्र शिवशिवत होते.

लेक वर्षभरासाठी परगावी नोकरीला निघाली होती. जाताना तिने पेल्याएवढ्या कुंडीतलं सक्युलंट त्यांच्या हाती दिलं. गुबगुबीत पानं, गुलाबासारखी गोल मांडणी. ऑफिसात टेबलाखाली पडलेलं एक पान उचलून तिने त्यातून ते वाढवलं होतं.

"बाबा, मी आयुष्यात जगवलेली ही एकच गोष्ट आहे. पाणी कमी, उजेड बेताचा. ऋतू बदलला की जागा बदला. दर रविवारी कुंडीला पाव वळण द्या, म्हणजे एकीकडे कलायचं नाही. परत येईन तेव्हा मला ते जिवंत हवंय."

"जिवंत? अगं, टाळ्या घेईल ते!"

सुरुवात झकास झाली, खोटं कशाला बोला. नटाने कुठे उभं राहायचं त्याच्या खुणा करतात, तशा दिवेवाल्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर खडूने खुणा केल्या. एक उन्हाळ्याची, एक पावसाळ्याची, एक थंडीची. उन्हाळ्यात दुपारी पातळ पडदा. पावसाळ्यात काचेला अगदी खेटून. रविवारी सकाळी पाव वळण, आणि तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. बायको बिचारी कप हातात धरून उभी राहायची. हलवाहलवीत एखादं पान गळायचं, ते ती गुपचूप उचलायची.

मग थंडी आली आणि दिवेवाल्यांनी जाहीर केलं, "यंदा उन्हात दमच नाही!"

"चांगलं लख्ख ऊन आहे हो. धुणं दोन तासांत वाळतंय."

"तुला उजेडातलं काय कळतं!"

बायको धुण्याच्या घड्या घालू लागली. अडतीस वर्षं हेच वाक्य ऐकून तिला ते पाठ झालं होतं.

दिवेवाल्यांनी आधी दोष काचेला दिला. रोज काचा घासून काढल्या, इतक्या की एक पाहुणा उघडी खिडकी समजून काचेवर नाक आपटून गेला. तरी उजेड पुसटच! मग कुंडी बाहेर गॅलरीच्या कठड्यावर गेली. मग कपाटाचा आरसा निखळून तिच्यामागे उभा राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंना स्टीलची चार ताटं लागली. एवढं करूनही समाधान होईना, तेव्हा माळ्यावरून हजार वॅटचा नाटकाचा दिवा खाली उतरला.

"अहो, ते रोपटं आहे, राजाची भूमिका नाही करत!" बायको म्हणाली.

दिवा लागला. बायको गॉगल लावून भांडी घासू लागली. तिसऱ्या दिवशी इमारतीचा फ्यूज उडाला आणि वरच्या मजल्यावरच्या गायनाच्या बाई लिफ्टमध्ये अडकल्या. त्यांनी तिथून जो सूर लावला, तो त्यांच्या शिष्यांना वर्षभरात ऐकायला मिळाला नव्हता!

चौथ्या दिवशी समोरच्या दुकानातले शिंपी जिना चढून आले. गळ्यात माप घ्यायची टेप, डोळे लाल.

"आरसा काढा आधी! गिऱ्हाईक माझ्यासमोर डोळे गच्च मिटून उभं राहतंय. काल एकाचा कोट मी अंदाजाने कापला. एक बाही गुडघ्यापर्यंत गेली!"

"काय करू? ऊनच फिकं पडलंय यंदा. रोपट्याला उजेड कमी पडतोय."

शिंपी हातवारे करता करता थांबले. त्यांनी कुंडीकडे बघितलं, आरशाकडे बघितलं आणि मग दिवेवाल्यांकडे बघतच राहिले. त्यांनी कॉलरखाली टोचलेली सुई काढली, खिशातून दोरा काढला.

"ओवा बघू."

"हा काय पोरखेळ?"

"ओवा तर खरं!"

गॅलरीत सूर्य, आरसा, ताटं आणि हजार वॅट. एवढ्या झगमगाटात दिवेवाल्यांनी दोरा ओवला. एकदा अंगठ्यावर, एकदा हवेत, एकदा शिंप्यांच्या बाहीत. सुईचं भोक काही सापडेना.

"माझंही असंच झालं होतं," शिंपी हळू आवाजात म्हणाले. "दोन वर्षं दुकानातल्या बल्बला शिव्या घातल्या. बल्ब ठणठणीत होता हो. मोतीबिंदू निघाला."

दिवेवाल्यांनी हात लांबवून दिवा बंद केला. ज्या डोळ्यांच्या जिवावर उभं आयुष्य काढलं, त्यांनीच दगा दिला, आणि आपण ताटं मांडत बसलो! त्यांना फार वाईट वाटलं. त्याहून जास्त भीती वाटली.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं महिन्याभराच्या अंतराने झाली, आणि तेवढा काळ बायकोने त्यांना गॅलरीत पाऊल टाकू दिलं नाही. डॉक्टरांनी दुसरी पट्टी काढली त्या दिवशी दिवेवाले घरी आले ते थेट कुंडीपाशी. आणि त्यांनी ती बघितली. पानं करपून तपकिरी, मधला गाभा कोळशासारखा. लेकीचं येणं आठ दिवसांवर आलेलं.

"हे मी केलं," ते म्हणाले. "तिची एकुलती एक गोष्ट मी जाळली. आता कुठल्या तोंडाने सांगू तिला?"

बायकोने त्यांचा हात धरला आणि त्यांना स्वयंपाकघरात नेलं. खिडकीत टवका उडालेली एक बशी होती. बशीत माती, मातीवर गळालेली पानं, आणि प्रत्येक पानाच्या टोकाला नखाएवढा हिरवागार गुलाब. मोजून सात!

"हे कधीपासून इथे आहे?"

"पावसाळ्यापासून. रोज तिच्याशेजारीच चहाचा कप ठेवता तुम्ही."

दिवेवाल्यांनी बशी उचलून डोळ्यांजवळ धरली. मग त्यांनी विचारलं, "यांना उजेड कुठला देतेस?"

"खिडकीतून येतो तो!"

लेक आली. बशीतलं एक पिल्लू जुन्या कुंडीत लावून गुपचूप पुढे करावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं होतं. नाही केलं. जळकी कुंडी आणि बशी दोन्ही तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. कुंडी बाजूला सारून लेकीने बापाचा काळा चष्मा अलगद वर केला आणि डोळे नीट बघितले.

"डॉक्टर काय म्हणाले?"

दिवेवाले पुटपुटले, "थेट ऊन नको. पाणी लागू द्यायचं नाही. महिनाभर सांभाळा."

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. बायकोने त्यांची खुर्ची उचलून उन्हाळ्याच्या खुणेपाशी ठेवली आणि पातळ पडदा ओढला. दिवेवाले निमूटपणे जाऊन बसले.

"आणि आई," लेक म्हणाली, "दर रविवारी यांना पाव वळण द्यायला विसरू नकोस!"