जाईबाईंचा ठोकळा

"जयवंता, लाकूड ओळखल्याशिवाय त्याला पटाशी लावायची नाही. आधी वास घे, मग ओलं करून रंग बघ, आणि नाव सुचेपर्यंत थांब." लेथ शिकवणाऱ्या तात्यांचे हे शब्द श्रावणी सोमवारी सकाळी जयवंतरावांना आठवले, तेव्हा ते लालबागच्या आपल्या खोलीत माळ्यावरून एक काळाकुट्ट ठोकळा घेऊन उतरत होते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून चाळीच्या गॅलरीत लाकूड फिरवून कातायचा छोटा लेथ मांडून ते वाट्या करत.

त्यांनी ठोकळ्याचा कोपरा तासला, ओला फडका फिरवला आणि बघतच राहिले. आत लाल, त्याखाली जांभळा, मधूनच हळदीसारखी पिवळी रेघ.

"कालिंदी, अगं हे बघ! काहीतरी दुर्मीळ आहे. आपल्या माळ्यावर आलं कुठून?"

कालिंदीबाईंना ते नेमकं ठाऊक होतं. वरच्या मजल्यावरच्या जाईबाईंच्या खोलीत लादी बसवायचं काम निघालं होतं, म्हणून त्यांनी तो ठोकळा विश्वासानं सांभाळायला दिला होता. जाईबाईंचे यजमान गिरणीच्या रंगखात्यात होते. गिरणी बंद झाली त्या दिवशी रंगाच्या हौदावरच्या सागवानी रुळाचा हा तुकडा त्यांनी घरी आणला. आता यजमान नव्हते, तुकडा होता.

पण कालिंदीबाईंचं मौन होतं. जयवंतरावांच्या हृदयाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, तेव्हापासून श्रावणातल्या सोमवारी दिवेलागणीपर्यंत त्या बोलत नसत, लिहीतही नसत. ज्याच्या जिवासाठी महादेवाचे आभार मानायचे, त्याच्यावरच ओरडण्यासाठी मौन मोडायचं कसं? त्यांनी घाईघाईनं वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं.

"हो गं, त्याचीच कृपा," जयवंतरावांनी वर बघून हात जोडले.

कालिंदीबाईंनी जोरजोरात मान हलवली आणि जाईबाईंसारख्या लंगडत दोन पावलं चालून गुडघा दाबून दाखवला. तेवढ्यात शेजारचे राजाराम मोबाइल घेऊन आत आले.

"थांबा, फोटो काढतो. ॲपमध्ये सगळं कळतं... बीट म्हणतंय."

"बीट?"

"कापलेलं. जरा उजेडात धरा... आता ड्रॅगनफ्रूट."

"राजाराम, हे लाकूड आहे."

"ते तुम्हाला माहितीये, त्याला नाही ना! मला विचाराल तर रक्तचंदन. शंभर टक्के."

जयवंतरावांनी बायकोच्या गुडघ्यावरच्या हाताकडे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "म्हणून तू गुडघा दाखवत होतीस! रक्तचंदनाचा लेप! जाईबाईंचा गुडघा सुजलाय ना? केवढं मन गं तुझं!"

कालिंदीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"कपाळालाही लावतात," राजाराम म्हणाले.

लेप सहाणेवर उगाळला गेला आणि राजाराम तो घेऊन वर धावले. इकडे जयवंतरावांनी ठोकळा करवतीनं मधोमध कापून अर्धा लेथवर चढवला. आता मात्र कालिंदीबाईंनी मनातल्या मनात महादेवाची क्षमा मागितली, डोळे घट्ट मिटले आणि सगळा जोर लावून ओरडल्या, "अहो, तो जाईबाईंचा आहे!"

त्याच क्षणी लेथ सुरू झाला.

मौन मोडलं होतं आणि ते महादेवाखेरीज कुणालाच कळलं नव्हतं. तो काही कुणाला सांगणारा नव्हता. कापलेला ठोकळा तर आता जुळणार नव्हता. कालिंदीबाई पुन्हा गप्प बसल्या आणि दिवेलागणीची वाट पाहू लागल्या.

दिव्याच्या आधी जाईबाईच आल्या.

"जयवंता! गुडघो बघ माझो, वांग्यासारको झालो!"

"सूज उतरलीये पण," मागून राजाराम म्हणाले.

"तू गप रव! कसलो लेप होतो रे तो?"

"रक्तचंदनाचा," जयवंतराव म्हणाले.

"खयचा रक्तचंदन! ह्या वासाचे शर्ट मी जल्मभर धुतले." एवढं बोलेपर्यंत जाईबाईंची नजर गॅलरीतल्या वाटीवर गेली, शेजारच्या अर्ध्या ठोकळ्यावर गेली, आणि त्या थांबल्या.

जयवंतरावांना एकदम सगळं उमगलं. छताकडचं बोटही आणि गुडघाही. "जाईबाई, मला माहीत नव्हतं हो. तुमच्या माणसाची आठवण कापली मी."

जाईबाईंनी वाटी उचलली, पदरानं पुसली, हळूहळू फिरवली.

"रोज येवन सांगायचे, आज लाल रंग घातलो, आज जांभळो घातलो. मी म्हणायचंय, असात, माका काय!" त्यांनी पिवळ्या रेघेवरून बोट फिरवलं. "भायरसून काळोच होतो ह्यो. खाटल्याखाली पायाक लागायचो, मी शिव्या घालायचंय. आत एवढे रंग आसत, ह्यां त्यांका तरी खय ठावक होता! बरा केलंस रे, झिला."

कालिंदीबाईंनी दिवा लावला, हात जोडले. नेहमीपेक्षा जास्त वेळ जोडले. मग सगळे त्यांच्याकडे बघू लागले. दिवसभराचं साठलेलं आता कुणावर कोसळणार?

"उरलेला तुकडा जाईबाईंना परत द्या," त्या हळूच म्हणाल्या.

"माका नको गो," जाईबाई म्हणाल्या. "तेची दुसरी वाटी कर, जयवंता. ह्यांचो जोडीदार बाबुराव, त्याच हौदार होतो. आता वडाळ्याक झिला-सुनेकडे असता. डोळ्यांनी दिसणा नाय बिचाऱ्याक. पण वासान वळखतलो."

"करतो. आणि मी स्वतः नेऊन देतो," जयवंतराव म्हणाले.

एरवी ते प्रत्येक वाटीला पॉलिश करत. बाबुरावांच्या वाटीला केलं नाही. वास दबला असता. बुधवारी सकाळी कालिंदीबाई पूजेला बसल्या असताना जयवंतरावांनी ती धुतलेल्या पंच्यात गुंडाळली, पायात चपला सरकवल्या, आणि कुणाला हाक न मारता जिना उतरून वडाळ्याच्या बसस्टॉपकडे निघाले.